चंद्री, बेगम आणि आमचे भाया

आमचे भाया पायी चालतानासुद्धा वळायच्या आधी हात दाखवायचे.

घरातून निघाले, पारापर्यंत सरळ गेले आणि तिथून उजवीकडच्या बोळात शिरायचं असलं, की सात-आठ पावलं आधीच त्यांचा उजवा हात खांद्याइतका सरळ बाहेर यायचा. डावीकडे वळायचं असलं की तोच हात हवेत गोल फिरायचा. थांबायचं असलं की वर. मागे कुणी असो नसो. एकदा सुंद्राबाई डोक्यावर माठ घेऊन त्यांच्या मागून येत होत्या. यांनी हात बाहेर काढला तो थेट माठाला लागला. माठ फुटला, सुंद्राबाई पायापर्यंत भिजल्या आणि त्यांनी तोंड सोडलं. भाया शांत उभे. म्हणाले, "मी हात दाखवला हुता. तुमी अंतर ठिवलं न्हाई."

कुणी चेष्टेनं विचारायचं, "डायवर, हात दाखवायलात, पर गाडी कुठं हाय?"

"गाडी नसली म्हणून काय झालं? आपण कुठं वळायलोत हे मागच्याला कळाया पाहिजे. जिम्मेदारी हाय ती."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मागच्याला कळाया पाहिजे.

भाया म्हणजे माझ्या मालकांचे थोरले भाऊ, गणपतराव. सारा गाव त्यांना डायवर म्हणायचा. बोरीपासून दीड कोसावर आमचं गाव. मी लग्न होऊन आले तेव्हा भाया येलदरीला धरणाच्या कामावर एका साहेबाची जीप चालवत होते. लग्न त्यांनी केलं नाही. डायवर माणूस आज इथं उद्या तिथं, पोरगी कोण देणार, असं सासूबाई म्हणायच्या. खरं काय ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि मी विचारणं शक्य नव्हतं.

शक्य नव्हतं, कारण भायाशी बोलायचं नसतं. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, ते बसतात त्या बाजेवर बसायचं नाही, ते बैलगाडीत असतील तर आपण मागून चालायचं, आणि तोंडानं एक शब्द बोलायचा नाही. त्यांनीही भावजयीकडे बघायचं नाही. घरात शिरताना आधी खाकरायचं, म्हणजे तिला पदर सावरता येतो.

आता एका घरात राहायचं म्हटलं की बोलावं तर लागतंच. पहिल्यांदा मी सासूबाईंमार्फत बोलायचे. "आत्याबाई, भाकरी वाढू का विचारा." भाया दोन हातांवर बसलेले असायचे, त्यांना ऐकू गेलेलं असायचं, तरी सासूबाई विचारायच्या आणि मग ते सांगायचे. सासूबाई गेल्या. मग लेक बोलायला लागली, तिच्यामार्फत. लेक नांदायला गेली. मग मालक. आणि एका उन्हाळ्यात मालकही गेले. घरात राहिलो दोघं, आणि आमच्यात बोलायला कुणी राहिलं नाही.

नाही म्हणायला माझी म्हैस होती. चंद्री. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चंद्री. लेकीच्या लग्नानंतर माझ्या भावानं मला दिलेली, म्हणजे माझी स्वतःची. तिच्या दुधावर माझं मीठमिरची, लुगडं, लेकीचा सण निघायचा. कुणापुढे हात पसरावा लागायचा नाही. मी तिच्याशी बोलायला लागले. "चंद्रे, आज भाजीला कारली हायेत. कुणाला नको आसली तर आत्ताच सांगा म्हणावं."

ओसरीच्या पलीकडून उत्तर यायचं, पण चंद्रीला नाही. ते त्यांच्या गाडीला. "बेगम, कारली चालतील म्हणून सांग."

ही बेगम कोण, ते आता सांगितलं पाहिजे.

धरणाचं काम संपलं तेव्हा भाया जिंतूरकडच्या एका जुन्या जहागीरदाराकडे डायवर लागले. त्या जहागीरदाराची हैदराबादेहून आणलेली मोटार होती. काळी, लांब नाकाची, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पायऱ्या, आत लाकडाची चौकट. जहागीरदार खंगत गेले, तशी मोटारही. शेवटी पगार द्यायला काही उरलं नाही तेव्हा ते म्हणाले, गणपत, तूच घेऊन जा हिला. भायांनी चार बैल जुंपून ती आमच्या गावात आणली. बैल पुढे ओढत होते, गाडीवान शिव्या देत होता आणि भाया आत स्टेरिंग धरून बसले होते. प्रत्येक वळणाला खिडकीतून हात बाहेर. आख्खा गाव बघायला जमला होता. मीही दाराच्या फटीतून बघितलं.

मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "दादा, पगारात भंगार घेऊन आलास व्हय?"

"भंगार म्हणू नको. हप्त्याभरात सुरू हुतीय."

गोठ्याच्या शेजारी पत्र्याखाली दगड रचून ती ठेवली. बेगम हे नाव भायांनीच दिलं, हैदराबादची म्हणून. बिनलग्नाच्या माणसानं दारात बेगम आणून ठेवली, याच्यावर गावाला दहा वर्षं हसायला पुरलं. तो हप्ता काही उलटला नाही. कधी मागच्या दाराचं लाकूड वाळवीनं खाल्लेलं निघायचं, कधी दुसरंच काही. भाया इतरांचे ट्रॅक्टर चालवायचे आणि आलेलं सगळं बेगमवर घालायचे. संध्याकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते तिच्यात जाऊन बसायचे. चपला पायरीखाली काढून. मी एकदा चंद्रीला म्हणाले होते, "देवळात तरी इतकं सोवळं पाळतेत का गं?" पलीकडून बेगमला उत्तर, "देव एका जागी बसून ऱ्हातोय. हिला चालायचं हाय."

तिचा रबरी भोंगा मात्र चालू होता. तो त्यांनी काढून गळ्यात दोरीनं अडकवलेला असायचा. मालक गेल्यापासून ते घरात शिरायच्या आधी खाकरत नसत, भोंगा वाजवत. पों पों. मी कुठंही असले तरी पदर डोईवर घ्यायचे. एकदा माझी लेक माहेरपणाला आली होती, ती हसून हसून बाजेवरून खाली पडली. म्हणाली, "आई, तुमचं दोघांचं घर हाय का येष्टी श्टँड?"

क्वचित कधी मला भोंगा ऐकू यायचा नाही आणि माझं डोकं उघडं असायचं. तेव्हा भाया दारातूनच गर्रकन मागे फिरायचे. पाठीला डोळे असल्यासारखे. आणि मग तासभर बेगममध्ये बसून राहायचे, जसा काही गुन्हा त्यांनीच केला होता.

या गाडीला हात लावणारा दुसरा माणूस एकच, किसन. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाड्यात राहायचा. धरणावर फिटर होता, तिथली दोघांची ओळख. विद्यापीठाच्या नावावरून ज्या वर्षी गावोगाव आग लागली, त्या वर्षी किसनची बायको आणि दोन पोरी दोन दिवस बेगममध्ये होत्या. भायांनी वरून कडबा रचला होता. काही माणसं आली, विचारायला लागली, डायवर, आत काय हाय? भाया पायरीवर बसून स्क्रू पुसत होते. म्हणाले, "कडबा हाय. बेगम भिजायला नको." विचारायला कोण कोण आलं होतं ते मी लिहीत नाही. त्यातले काही आमच्याच भावकीतले होते. मी भाकरी आणि घरच्या गाईचं दूध, वैरण टाकायला जाते असं दाखवून, कडब्यातून आत सरकवायचे. त्या दोन दिवसांत भाया आणि मी एका कामात होतो, आणि कुणामार्फतही एक शब्द बोललो नाही. लागलाच नाही.

तेव्हापासून किसन बेगमच्या कामाचा एक पैसाही घेत नसे. भाया द्यायचे, तो घ्यायचा नाही, दोघं भांडायचे.

मालक गेल्यावर दुसऱ्या वर्षी, पाडव्याच्या सकाळी, गुढी उभी केली होती. भाया आदल्या दिवशी परभणीला जाऊन आले होते. ट्रॅक्टरचं काहीतरी आणायला, असं बेगमला सांगून गेले होते. मी चंद्रीची धार काढत होते. पलीकडून आवाज आला.

"बेगम, तुझं इंजिन परभणीला न्यावं लागंल. इथं व्हायचं न्हाई. माझ्याजवळ तेवढं न्हाई. पर या घरात कुणाला भागीदार व्हायचं आसंल, तर गाडी लगनाला भाड्यानं दिऊ. नवरदेव घोड्यावर बसून घाबरतेत, गाडीत बसतील. जे येईल त्यातलं अर्धं भागीदाराचं. लगीनसराई हाय. घाई किली पाहिजे."

माझा हात आचळावरच थांबला. या घरात कुणाला, म्हणजे मला. आणि माझ्याजवळ द्यायला काय होतं? माझ्या हाताखाली उभी होती ती.

मी म्हणाले, "चंद्रे, बघू की. दहा वर्षं घाई न्हवती, आत्ताच काय झाली?"

पलीकडे बेगमची काच पुसायला सुरुवात झाली.

मग रोज हेच. भाया सकाळी विचारायचे, मी "बघू" म्हणायचे. नाही म्हणायचं मनात नव्हतं आणि हो म्हणायची छाती होत नव्हती. म्हैस म्हणजे माझे पाय होते. ती विकली आणि गाडी नाही चालली, तर मी या घरात कुणाच्या जिवावर उभी राहायची? आणि दुसरं एक होतं. ते आठवलं की माझं मलाच हसू यायचं. चंद्री विकली तर मी भायांशी बोलणार कुणामार्फत?

जेठात सेलूहून माझा भाऊ आला. तो तिथं जिनिंगमध्ये दिवाणजी, व्यवहारातला माणूस. त्याला मी सगळं सांगितलं. तो उठून बेगमभोवती एक चक्कर मारून आला, बूट न काढता पायरीवर पाय ठेवून आत डोकावला. भाया घरी नव्हते म्हणून बरं.

"अक्का, येडी का काय तू? हिला टायर न्हाईत. या मापाचे टायर आता कुठं मिळतेत तरी का? ही गाडी किलोवर जाईल, लगनाला न्हाई. डायवरला कळत न्हाई, तुला बी कळंना व्हय?"

"लगीनसराईत भाडं यील म्हणतेत."

"लगीनसराई सरली बी. म्हैस मी दिलीय तुला. ही असल्या खेळात घातलीस तर मी परत या घरात पाणी पिणार न्हाई."

तो गेला. मी चंद्रीला म्हणाले, "बघू." आषाढ लागला.

त्याच सुमारास भायांनी बेगमला एक काम सांगितलं. "पडदा पाहिजे. जाड कापडाचा, आतला दिसू नये असा. दोन हात रुंद, दीड हात उंच. वरून दोरी जायला नेफा." मी गोधड्या शिवते, हे त्यांना माहीत होतं. मी सासूबाईंच्या जुन्या इरकली लुगड्याचा, आतून अस्तर लावून पडदा शिवला. मनात म्हटलं, नव्या नवरीला लोकांची नजर लागू नये म्हणून असेल. धंद्याची एवढी तयारी बघून मला उलट भीतीच वाटली. घडी करून बेगमच्या पायरीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी पलीकडून ऐकू आलं, "बेगम, शिवण चांगली हाय म्हणावं. टाका न्हाई दिसत कुठंच." टाका दिसत नाही, याच्यात कौतुक आहे असंच मी धरलं.

भाया तेव्हा बदलले होते, हे मला आता मागे वळून बघताना कळतं. चालताना ते पावलं मोजायला लागले होते. ओठ हलायचे. एकदा त्यांनी हात दाखवला आणि बोळाच्या एक घर आधीच वळले, थेट सुंद्राबाईंच्या अंगणात. सुंद्राबाई ओरडल्या, "डायवर, बिरेक फेल झाले का?" गाव हसला. भायाही हसले. ताटातली चटणी कुठं आहे ते बोटानं चाचपून बघायचे. मला वाटलं म्हातारपण.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी मी न्हाले होते. केस मोकळे, ओसरीत उन्हाला वाळवत बसले होते, पदर खांद्यावर. भोंगा वाजला असेल तर मला ऐकू आला नाही, कारण शेजारी जातं चाललं होतं. डोळे उघडले तर समोर चार हातांवर भाया उभे. तोंड सरळ माझ्याकडे.

मी थिजले. पदर ओढायलाही हात उचलला नाही. वाट बघितली, आता फिरतील. गर्रकन फिरतील.

ते फिरले नाहीत. माझ्या मोकळ्या केसांकडे, उघड्या डोक्याकडे बघत उभे राहिले, आणि निवांतपणे गळ्यातला भोंगा दोनदा वाजवला. पों पों. मग थोडं थांबले, माझ्या पदराला वेळ द्यायला. आणि मग माझ्या अगदी शेजारून, भिंतीला हात लावत आत गेले.

वीस-बावीस वर्षांत ज्या माणसानं माझं डोकं बघितलं नव्हतं, तो माझ्यासमोर उभा राहून मला पदर घ्यायला वेळ देत होता.

मी किसनला बोलावून घेतलं. गोठ्यात उभं करून विचारलं, "भायांच्या डोळ्याला काय झालंय?"

तो खाली बघत राहिला. "शपथ घातलीय वैनी."

"मी बी शपथ घालते."

मग बोलला. "पाडव्याच्या आदल्या दिशी परभणीला डोळ्याच्या डाक्टरकडं गेले हुते, मी संगं हुतो. डाक्टर म्हणला, काचबिंदू हाय, लय उशीर झालाय. गेली ती नजर यायची न्हाई, ऱ्हायलेली बी चार-सहा महिन्यात जाईल. म्हणून तर घाई करायलते. आता निस्ता उजेड-आंधार कळायलाय त्यांना."

"मग लगनाला गाडी कोण चालवणार हुतं?"

"लगनाचं कशाचं वैनी. तुमाला इचारायला काय तरी निमित्त पाहिजे हुतं." त्यानं बेगमकडे बोट केलं. "पडद्याची दांडी बघितलीत का, कुठं ठोकलीय? म्होरच्या शीटच्या आन् मागच्या शीटच्या मधी. मी इचारलं, नवरीला पडदा आसा आडवा कामून? तर म्हणले, नवरी न्हाई, घरचं माणूस बसणार हाय मागं. मी भाया पडतो, पडद्याबिगर कसं बसंल? एकदा धरण दाखवायचं हाय तिला."

मी गव्हाणीच्या कडेवर बसले.

लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. भाया सुटीवर आले होते आणि सासूबाईंना धरणाचं सांगत होते. पाणी किती, भिंत किती, साहेब काय म्हणतो. मी आत भाकऱ्या थापत होते. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, बघावं वाटतंय एकदा." मालक हसले. "पाणीच बघायचं ना? मग विहिरीत बघ." सगळे हसले, मीही. भाया हसले की नाही ते मला दिसलं नव्हतं. इथून येलदरी काय लांब, येष्टीनं दुपारपर्यंत जाऊन आले असते. पण बाईमाणसाला पाणी बघायला कोण नेतं? मालकांनी नेलं नाही, पुढे मीही विसरले. विसरले नव्हते, पण बोलले नाही.

पाडव्याला मी हो म्हणाले असते तर वैशाखात इंजिन झालं असतं. तेव्हा त्यांना दिसत होतं. मी पाच महिने म्हशीजवळ बसून "बघू" म्हणत राहिले, आणि पलीकडे तेवढ्या वेळात त्यांचं बघणं संपत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढताना मी म्हणाले, "चंद्रे, मला मंजूर हाय. तुझे पैसे गाडीत घालायचेत."

पलीकडे बेगमचं दार कुरकुरलं. मग हळू आवाज आला, "बेगम, भागीदार मिळाला गं." आणि थोड्या वेळानं, "आता घाई न्हाई म्हणावं. सावकाश झालं तरी चालतंय."

ते ऐकून मला जे वाटलं ते मी चंद्रीलाही सांगितलं नाही.

धंदा होणार नाही हे आता मला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे ठरवणं सोपं झालं. भावाला बोलावलं असतं तर आला नसता. किसनच म्हशीला जिंतूरच्या बाजाराला घेऊन निघाला. मी तिला कुंकू लावलं, भाकरी चारली. ती दारातून निघाली तेव्हा भाया ओसरीवर उभे होते. गळ्यातल्या घंटेचा आवाज बोळातून, पारापासून, पुढे पांदीत जाईपर्यंत ते त्या बाजूला तोंड करून उभे राहिले. आवाज थांबला तसे बेगमच्या पायरीवर जाऊन बसले.

त्यानंतर घर गप्प झालं. मला काही सांगायचं असलं तर सांगायला कुणी नव्हतं. भाकरी वाढून ताट नेहमीच्या जागी ठेवायची, तांब्या जमिनीवर जरा आपटायचा, म्हणजे त्यांना कळायचं. सकाळी ते बेगमला म्हणायचे, "आज ऊन हाय." मी चूल फुंकायचे. रिकाम्या खुंट्याशी बोलून बघितलं एकदा. नाही जमलं.

इंजिन परभणीला गेलं. मध्येच नामांतराचा मोर्चा आणि बंद झाला, येष्ट्या थांबल्या, तेवढे दिवस ते तिकडेच पडून राहिलं. दिवाळीच्या तोंडावर किसननं ते बैलगाडीतून आणलं. आठ दिवस तो आणि भाया बेगमच्या पोटात डोकं घालून होते. आता किसन बघायचा आणि भाया बोटांनी चाचपून सांगायचे, हे न्हाई, त्याच्या बाजूचा. किसन म्हणायचा, "मला इंजिन खोलता येतंय, गाडी हाकता येत न्हाई." भाया म्हणायचे, "मला हाकता येतंय, दिसत न्हाई. मिळून एक डायवर झाला बग."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाया अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बाहेर आले. चपला काढल्या. पुढच्या सीटवर बसले. बेगम दगडांवरच होती, टायर मिळाले नव्हते, मिळणारही नव्हते. किसन दारात येऊन मला म्हणाला, "वैनी, बाटलीभर पेट्रोल हाय. चला."

"मी?"

"भागीदार कोण हाय मग?"

मी पदर सावरला. चपला पायरीखाली काढल्या, त्यांच्या चपलांपासून जरा लांब. आत चढले. मागची सीट मऊ होती. तिच्यात नवा कापूस भरला होता, कधी भरला मला कळलं नव्हतं. माझ्यासमोर माझाच पडदा. सासूबाईंचं लुगडं, आतून अस्तर. पलीकडे भाया असल्याचं फक्त श्वासावरून कळत होतं.

किसननं पुढून हँडल मारलं. एकदा, दोनदा. पाचव्यांदा बेगम खोकली, आणि मग असा काही गडगडाट केला की शेजारच्या कोंबड्या पत्र्यावर चढल्या. सगळी गाडी थरथरत होती, माझे दातसुद्धा. सुंद्राबाई भिंतीवरून डोकावल्या आणि चक्क काही बोलल्या नाहीत.

"चल बेगम," भाया मोठ्यानं म्हणाले. "बोरी आली. शाळा गेली. आता जिंतूर रोड, खड्डे हायेत, सावकाश."

आणि ते गाडी चालवायला लागले. गियर टाकत होते, चाक फिरवत होते. साहेबाची जीप ज्या रस्त्यानं त्यांनी वर्षानुवर्षं नेली तो सगळा रस्ता बोलत होते. इथं नळकांडी पूल. इथं चिंच, हिच्या सावलीला साहेब डबा खायचा. समोरून बैलगाडी, भोंगा. पों पों. जिंतूर आलं, बाजार हाय, गर्दी हाय, सांभाळून.

जिंतूर गेलं आणि ते थांबले. हात चाकावर तसेच.

"इथं एक वळण हाय," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला. "फाटा हाय. डावीकडं का उजवीकडं? बेगम? लय वेळा आलोय की गं मी. डावीकडं का उजवीकडं?"

बेगम गडगडत होती. किसन पुढे हँडल धरून खाली बघत उभा. पडद्याच्या पलीकडे श्वास जोरजोरात चालला होता. ते वाट विसरले होते.

मी तो रस्ता जन्मात बघितला नव्हता.

"भाया," मी म्हणाले. "उजवीकडं घ्या."

इतक्या वर्षांत त्यांना उद्देशून निघालेला माझा पहिला शब्द. पलीकडचा श्वास थांबला. मला वाटलं आता उतरून जातील.

मग खिडकीतून त्यांचा उजवा हात बाहेर आला. खांद्याइतका सरळ, बोटं जुळलेली. नेहमी वळून झालं की लगेच आत जाणारा तो हात या वेळी बराच वेळ बाहेर राहिला. मागे दुसरं कोणी नव्हतं. मी होते.

पुढे ते नुसते चालवत राहिले. बाटलीभर पेट्रोल ते किती पुरणार. बेगम एकदा आचकली, दोनदा आचकली आणि गप्प झाली. कोंबड्या खाली उतरल्या. सगळं पुन्हा होतं तसं झालं.

भायांनी मला काही विचारलं नाही. ते रीत सोडणारे नव्हते. चाकावर हात ठेवून त्यांनी बेगमलाच सांगितलं, "पोचलो. मागच्या माणसाला सांग, निवांत बघून घ्या म्हणावं. परत जायची घाई न्हाई."

मी बाजूच्या खिडकीतून बाहेर बघितलं. गोठ्यात चंद्रीचा रिकामा खुंटा होता, आणि त्याला गुंडाळलेलं दावं.

"दिसायलंय, भाया," मी म्हणाले. "लय पाणी हाय."